पूर्ण बरे झाल्याची साखर

सुज्ञ वाचकहो, एका सज्जन गृहस्थाने आपल्या आजाराविषयी गावाला एक असत्य सांगितले. त्या असत्यापायी त्याला जी लाज सोसावी लागली, आणि ती लाज अखेर भर रस्त्यात सर्वांच्या देखत कशी बाहेर पडली, त्याचा वृत्तान्त मी पुढे यथामती सादर करीत आहे. हृदयाची भिंत हा विषय वैद्यांचा होय. परंतु त्या भिंतीआड मनुष्य काय काय दडवून ठेवतो, हे सांगण्याचा अधिकार आम्हां सामान्यांनाही असावा, अशी माझी नम्र समजूत आहे.

सेगावा तोमेझो हा वरचे नागारे या डोंगराळ, हिमाच्छादित गावचा तातामीवाला. भाताच्या पेंढ्याच्या जाड चटया शिवणे आणि त्या लोकांच्या खोल्यांत बेतून बसविणे हा त्याचा वडिलोपार्जित धंदा. वय सत्तरीला टेकलेले, मनगटे भरभक्कम, आणि स्वभाव असा की स्वतःच्या घराला आग लागली तरी शेजाऱ्याची बादली मागायला संकोचावा. त्याच्या पत्नीचे नाव फुसाए. मुलगा नोकरीपायी परगावी गेल्याला कितीतरी वर्षे लोटली होती, तरी मुलाच्या नात्याने ती नवऱ्याला 'बाबा' अशीच हाक मारीत असे.

गतवर्षी वसंताच्या तोंडाशी, अंगणातले बर्फ अद्याप वितळायचे असता, तोमेझोच्या छातीत कळ उठली आणि ती डाव्या खांद्यावरून हनुवटीपर्यंत चढली. त्याने खांद्याला औषधी पट्ट्या चिकटवल्या व तो भिंतीला टेकून बसला.

"बाबा, घामाने भिजलात तुम्ही. रुग्णवाहिका बोलावते," फुसाए म्हणाली.

"बोलाव! भोंगा वाजवत येईल ती. अख्खा गाव दारात उभा राहील बघायला. खांदा भरलाय नुसता. गप बस."

अशा रीतीने दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी त्याचे ओठ निळे पडले, तेव्हा फुसाएने त्याची आज्ञा प्रथमच मोडली आणि मालाच्या छोट्या गाडीत त्याला चटयांशेजारी निजवून शहरातील इस्पितळ गाठले. तेथे बुजलेली रक्तवाहिनी उघडण्यात आली. जीव वाचला. परंतु उशीर झालेला होता, आणि हृदयाच्या टोकाकडील काही भाग त्या दोन दिवसांत मरून गेला होता. भोंग्याच्या लाजेने मनुष्याचे केवढे नुकसान होते पाहा!

इस्पितळात गावकरी भेटीला आले. कोणी फळे आणली, कोणी रीतीप्रमाणे पैशांचे पाकीट ठेवले. समोरच्या घरची उमेनो आजी तर चौऱ्याऐंशीव्या वर्षी दोन बस बदलून आली आणि येताच म्हणाली, "मेला नाहीस ना? मग डोळे मिटून काय पडलास? मी बसचं भाडं घालून आले."

या भेटींची परतफेड करावी लागते. मनुष्य बरा होऊन घरी आला म्हणजे भेटीला आलेल्या प्रत्येकाच्या घरी साखर, साबण, चहा अशी संपून जाणारी वस्तू द्यावी. ती संपते, विरघळते, आणि तिच्यासवे आजारही विरघळून जावा हा त्यातील हेतू. मे महिन्यात तोमेझो व फुसाए त्यासाठी शहरातील मोठ्या दुकानी गेले. विक्रेत्या बाईने विनयाने विचारले, "उपचार अजून चालू आहेत, की पूर्ण बरे झालात? त्याप्रमाणे वरचा कागद वेगळा असतो."

"उपचार चालू असतील तर?" फुसाएने विचारले.

"तर नुसतं 'भेटीबद्दल आभार' लिहायचं. पूर्ण बरं वाटलं असेल तर 'आरोग्यलाभ' लिहायचं, आणि गाठ न सुटणारी घालायची. म्हणजे आजार पुन्हा फिरकू नये."

फुसाएने बाहीआडून नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. डॉक्टरांनी पुन्हा तपासणीला बोलावले होते, हे दोघांनाही ठाऊक होते. परंतु 'उपचार चालू' असा कागद घेऊन दारोदार जाणे म्हणजे 'अजून माझी कीव करीत राहा' असे सांगत फिरणे, असे तोमेझोला वाटले.

"पूर्ण बरा झालोय," तो म्हणाला. "गाठ घट्ट घाला."

तांबड्या-पांढऱ्या दोऱ्याची ती गाठ ओढून ओढून घट्ट करण्यात आली, आणि साखरेची खोकी गावभर पोहोचली. न्हावी मिझोगुची, जो वस्तीचा प्रमुखही होता, खोके दोन्ही हातांनी घेत म्हणाला, "म्हणजे यमराजाने परत पाठवलं म्हणायचं तोमे-सान? चटया आधीच घातलेल्या असतील तिकडे!"

"जुन्या झाल्यात. पण माझा दर परवडेना त्याला," तोमेझो म्हणाला, आणि दोघे पोटभर हसले.

उमेनो आजीने मात्र खोके देवघरात नवऱ्याच्या तसबिरीपुढे ठेवले, घंटा वाजवली आणि हात जोडले. मग वळून म्हणाली, "आता ऐक. नात्तोने रक्त वाहतं राहतं, टीव्हीवर सांगतात. दर आठवड्याला माझा नात्तो खायचा. हृदय तुझं, पण जबाबदारी माझी."

या नात्तोची हकिकत अशी. आजीचा नवरा वारल्यापासून तिच्या छपरावरचे बर्फ दर हिवाळ्यात तोमेझो उपसून टाकी. त्याच्या बदली ती सोयाबीन उकडून, तोमेझोनेच दिलेल्या पेंढ्याच्या पुड्यांत बांधून उबेला आंबवी, आणि तारा सुटणारा तो नात्तो त्याच्या घरी पोहोचवी. दोघांपैकी कोणी कधी हिशेब केला नव्हता, म्हणूनच तो व्यवहार टिकला होता. तोमेझो उन्हाळाभर तो नात्तो गरम भातावर घालून मिटक्या मारीत खात राहिला.

ऑगस्टात इस्पितळात त्याच्या छातीवर यंत्र फिरविण्यात आले. डॉक्टर कुसाका ही त्याच्या मुलाहूनही लहान वयाची बाई. तिने पडदा त्याच्याकडे वळविला.

"सेगावा-सान, हे बघा. हृदय आवळतं तेव्हा सगळी भिंत आत येते. ही इथली बाहेर जातेय. दिसतंय?"

तोमेझोला दिसले. करड्या धुक्यात एक पिशवी धडपडत होती, आणि तिच्या टोकाशी एक फुगवटा उलट्याच दिशेने डुलत होता. बाकीची भिंत काम करी, आणि तेवढा भाग जणू तिला वेडावून दाखवी.

"मेलेला भाग पातळ झाला आणि आतल्या दाबाने फुगला," ती म्हणाली. "लवकर आला असतात, तर तो कदाचित वाचला असता."

"फुटेल का?"

"इतक्या महिन्यांनी सहसा फुटत नाही. काळजी दुसरीच आहे. त्या खोबणीत रक्त साचून गुठळी झालीय. ती सुटून मेंदूत गेली तर लकवा. शिवाय ठोके एकाएकी उधळू शकतात. पुढे शस्त्रक्रिया लागेल की नाही ते बघू, आत्ता रक्त न गोठण्याची गोळी सुरू करते. नात्तो खाता?"

"आवडीने."

"आजपासून एक घाससुद्धा नाही. नात्तोने ही गोळी निकामी होते. खारट कमी. जड उचलायचं नाही, आणि बर्फ तर अजिबात उपसायचं नाही."

"पण डॉक्टर, मी पूर्ण बरा झालोय."

"कोण म्हणालं?"

तसे म्हणणारा या जगात तोमेझोवाचून दुसरा कोणीच नव्हता.

परतीच्या वाटेवर त्याला मरणाचे भय वाटले नाही, भय वाटले ते साखरेचे. गावातल्या प्रत्येक घरी ती पोहोचली होती, चहात विरघळली होती, मुरांब्यात पडली होती. आता कोणत्या तोंडाने सांगावे की ती साखर खोटी होती? "फुसाए, गावात कोणाला बोलू नकोस," एवढेच तो म्हणाला. फुसाए गाडी हाकीत होती.

त्या आठवड्याचा नात्तो आला. "ताजा आहे तोवर खा," असे म्हणून आजी उंबऱ्यावरून परतली. तोमेझोने ती पुडी कामाच्या पडवीमागे नेली, पर्सिमॉनच्या झाडाखाली खड्डा खणला आणि ती पुरली. पुरताना त्याने इकडेतिकडे पाहिले, जसा चोर पाहतो तसा. अन्न मातीत घालणे त्याच्या आईने त्याला कधी शिकविले नव्हते. ताटात एक शीत उरले तरी डोळे फुटतील, असे ती सांगत असे. पुढल्या आठवड्यात दुसरी पुडी आली, मग तिसरी. आजी विचारी, "कसा झालाय?" आणि तोमेझो उत्तर देई, "फारच उत्तम." प्रत्येक वेळी त्याचे कान लाल होत.

नोव्हेंबरात वस्तीची सभा भरली. मिझोगुचीने कागद पुढे धरून सांगितले, "गावकचेरीने यंदा तरुण पोरांची तुकडी केलीय. एकट्या म्हाताऱ्यांच्या छपरावरचं बर्फ ते उपसतील. उमेनो आजी, तुमचं नाव घालू?"

"कशाला?" आजी ताठ बसून म्हणाली. "माझा तोमेझो आहे की. आरोग्यलाभाची साखर वाटून बसलाय. होय ना रे?"

सर्वांचे डोळे त्याच्याकडे वळले. सत्य बोलण्याची ती उत्तम संधी होती. फुसाए त्याच्या शेजारी मान खाली घालून बसली होती.

"हो," तोमेझो म्हणाला. "मीच करीन."

"बघा!" आजी म्हणाली. "पोरं छपरं फोडतात." तिचे नाव वगळण्यात आले. घरी परतल्यावर फुसाए दाराशी एकच वाक्य बोलली: "बाबा, तुमची लाज आता त्या म्हातारीच्या छपरावर जाऊन बसलीय."

डिसेंबर उजाडला. जमीन गोठण्यापूर्वी कावळ्यांनी पर्सिमॉनखालची माती उकरली. आंबट वासाच्या त्या पेंढ्याच्या पुड्या त्यांनी चोचीत धरून नेल्या, आतले दाणे टिपले आणि पुड्या टाकून दिल्या. त्या टाकल्या नेमक्या आजीच्या फाटकाशी. पेंढ्याला घातलेली आपल्या हातची गाठ ओळखायला तिला चष्मा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सेगावांच्या दारी आली. अंगावर चांगला किमोनो होता, हातात कापडात बांधलेले खोके होते. ती आत आली नाही. बाहेरच्या पायरीवर गुडघे टेकून बसली, दोन्ही हात जमिनीवर ठेवले आणि कपाळ हातांना लावले.

"सेगावा-सान," ती म्हणाली, "मला क्षमा करा. म्हातारपणात जिभेची चव गेली, नात्तो बिघडल्याचं कळलं नाही. तुम्ही चांगले, म्हणून तोंडाने बोलला नाहीत. इतके महिने तुम्हाला त्रास दिला. यापुढे मी करणार नाही. भांडी धुऊन ठेवली. आणि छपराचंही मनावर घेऊ नका. नावडत्या माणसासाठी कोणी वर चढू नये."

लहानपणी ज्याचे शेंबडे नाक तिने पुसले होते, त्याला ती 'तुम्ही' म्हणत होती! तो 'तुम्ही' तोमेझोच्या छातीत असा शिरला, की यंत्रावर पाहिलेला तो फुगवटा जणू आतून टोचला गेला. बोलायला हवे होते. परंतु त्याच क्षणी त्याच्या मनात एक नीच विचार आला, तो लिहिताना माझीही लेखणी अडखळते. छपराची कटकट गेली. नात्तोची कटकट गेली. आता कोणाला काही कळणार नाही!

"तसं काही नाही, आजी," तो पुटपुटला. "उगाच मनाला लावून घेता."

आजीने पुन्हा वाकून नमस्कार केला आणि ती निघून गेली. खोक्यात साबण होता. फुसाएने खोके उघडून पाहिले.

"धुवा आता हात," ती म्हणाली, आणि खोके त्याच्यापुढे ठेवून आत गेली.

त्यानंतर बर्फ पडू लागले. तीन दिवस ते पडतच राहिले. गावातील छपरे फुगली, तारा लोंबल्या, आणि घराघरांवर माणसे फावडी घेऊन चढली. आजीच्या छपरावर मात्र बर्फाचा थर तसाच चढत गेला. सभेत ताठ मानेने नाकारलेली मदत पुन्हा मागायला जाणे तिला जड गेले असले पाहिजे. लाजेचा मक्ता काही एकट्या तोमेझोकडे नव्हता.

चौथ्या दिवशी सकाळी तोमेझो खिडकीशी बसून चटईची किनार शिवीत होता. त्याने मान वर केली, आणि त्याच्या हातातील सुई गळून पडली. समोर आजीच्या घराला शिडी लावलेली होती. शिडीवर, पाठीला फावडे बांधून, चौऱ्याऐंशी वर्षांची उमेनो आजी एकेक पायरी चढत होती, आणि तिचे डोके छपराच्या कडेला पोहोचले होते. तिच्या वर लोंबत होता तो तीन दिवसांचा बर्फाचा कडा.

तोमेझो अनवाणीच धावला. गुडघाभर बर्फात दहा पावले गेला नसेल, तोच छातीत काहीतरी सुटले. ठोके मोजता येईनात, दोर तुटलेल्या घोड्यासारखे ते उधळले. डोळ्यांपुढे पांढऱ्यात काळे उमटले. शिडीपर्यंत तो पोहोचला, दोन्ही हातांनी त्याने ती धरली, परंतु तिच्यावर पाय ठेवण्याची शक्ती त्याच्यात नव्हती.

"आजी, उतरा!"

"सोडा शिडी, सेगावा-सान. माझं मी बघते."

"मी बरा नाही!" तोमेझो ओरडला. आयुष्यात तो इतक्या मोठ्याने कधी ओरडला नव्हता. "मी बरा झालोच नाही! माझ्या हृदयाची भिंत फुगलीय! साखर खोटी होती! नात्तो चांगला होता, आजी, मला गोळीमुळे चालत नाही, म्हणून पुरला! मी सांगितलं नाही, लाज वाटली म्हणून! उतरा हो, पाया पडतो!"

आजूबाजूच्या छपरांवरची फावडी थांबली. मिझोगुची, अर्धी दाढी केलेले त्याचे गिऱ्हाईक, गिऱ्हाइकाच्या गळ्यातला टॉवेल, सारे रस्त्यावर आले. आजी शिडीवरून सावकाश उतरली. शेवटच्या पायरीवर तिची नजर तोमेझोच्या निळ्या ओठांवर गेली.

"अरे गाढवा," ती म्हणाली. "अरे महामूर्खा! मातीला नात्तो चारत होतास होय?"

तोमेझोचे गुडघे बर्फात टेकले. मिझोगुची त्याच्यावर वाकला. "तोमे-सान, गाडीत घालून नेऊ का? गुपचूप?"

तोमेझोने नकारार्थी मान हलविली. "रुग्णवाहिका बोलवा," तो धापा टाकीत म्हणाला. "भोंगा वाजू दे."

ती आली, आणि डोंगरात प्रतिध्वनी उठेल असा तिचा भोंगा वाजत होता. अख्खा गाव दारात उभा राहिला, त्याने वसंतात म्हटले होते अगदी तसा. त्याला उचलून नेताना तोंडावर ओढून घ्यायला कोणीतरी टॉवेल दिला. त्याने तो घेतला, क्षणभर तोंडावर ठेवला, आणि मग काढून टाकला. चेहरा लाजेने पेटला होता. पेटू दे, असे त्याला वाटले.

इस्पितळात विजेच्या झटक्याने ठोके ताळ्यावर आणण्यात आले, आणि ते पुन्हा उधळल्यास आवरणारे एक छोटे यंत्र कातडीखाली बसविण्यात आले. गुठळी सुटलेली नव्हती. डॉक्टर कुसाका रागावली, पण फार नाही. आजीचे छप्पर त्याच दिवशी गावकचेरीच्या पोरांनी साफ केले, आणि कोठेही फोडले नाही, हे तिला कबूल करावे लागले.

तोमेझो घरी आला तेव्हा फुसाएने आधीच खोकी आणून ठेवली होती. कागदावर 'भेटीबद्दल आभार' एवढेच छापलेले होते. पुन्हा दारोदार जायचे होते. मिझोगुचीच्या दुकानात त्याने खोके पुढे केले आणि मान इतकी खाली घातली की न्हाव्याला फक्त त्याची टाळू झाकणारे विरळ केस दिसले.

"मागची साखर..." तोमेझो म्हणाला.

"ती आम्ही खाल्ली," मिझोगुची म्हणाला. "परत मागू नकोस. बायकोने तिचा मुरांबा केला, तोही संपला. बस, केस वाढलेत. सावकाश बस."

कोणी त्याला टाकून बोलले नाही. कोणी टाकून बोलले असते तर बरे झाले असते, असे त्याला प्रत्येक दारी वाटत राहिले.

उमेनो आजीच्या घरी तो शेवटी गेला. पायरीवर गुडघे टेकून त्याने कपाळ जमिनीला लावले, जसे तिने लावले होते, आणि ते उचलले नाही. आत भांड्यांचा आवाज झाला. आजीने त्याच्या डोक्यापुढे एक वाडगा आणून आदळला. त्यात मुळ्याचे लोणचे होते, पिवळेधमक, तिच्या हातचे.

"नात्तो चालत नाही, तर हे खा. यात काही पुरण्यासारखं नाही."

तोमेझोने मान वर केली. वाडग्याकडे पाहिले. कान लाल झाले. चार फोडी खाल्ल्या असत्या, 'फारच उत्तम' म्हटले असते, आणि विषय मिटला असता.

"आजी," तो म्हणाला, "मिठाचंही चालत नाही."

आजीने कमरेवर हात ठेवले.

"मग मेल्या, तू खातोस तरी काय?"

तेव्हा सेगावा तोमेझोने पायरीवर बसूनच, मान खाली घालून, काय चालते आणि काय चालत नाही ते एकेक करून सांगायला सुरुवात केली. आजी मध्येच "थांब, पुन्हा सांग" म्हणून बोटे मोजीत होती, आणि त्याचे कान अखेरपर्यंत लालच राहिले.

वाचकहो, माझे शिक्षण अल्प, तेव्हा चुकले-माकले आपण पोटात घालावे. आपण हे शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
लक्ष्मण धोंडू सावरटकर
गेली बरीच वर्षे मुक्काम वरचे नागारे